खोडलेला पाचवा प्रकार

छापखान्यात त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत, कारण चुकलेली वेलांटी दिसली की त्यांच्या अंगाचा तिळपापड होई. बत्तीस वर्षं प्रुफं वाचून त्यांची खात्री पटली होती, की लिहिणारे सगळे बेजबाबदार असतात आणि जगाची अब्रू आपल्या लाल पेनावर टिकून आहे.

एका दवाखान्याची पुस्तिका छापायला आली, 'मायग्रेनचे पाच प्रकार'. एक साधी अर्धशिशी. दुसरीत आधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा चमकतात, तिसरी गरगरवते, चौथी निम्मा महिना मुक्कामाला असते. बाईंची सून दुसरीतली. दर पंधरवड्याला पडदे ओढून पडायची. "आमच्या वेळी डोकं एकाच प्रकारचं दुखायचं," बाई बंद दाराला ऐकवत, "आणि दुखता दुखता भांडी घासून व्हायची."

पाचव्यापाशी लाल पेन थबकलं. 'रेषा दिसतात, पण डोकं दुखतच नाही.' उचलली जीभ लावली टाळ्याला! मजकुराबद्दल शंका आली तर लिहिणाऱ्याला विचारायचं, हा छापखान्याचा नियम. पण बाईंना शंका नव्हतीच. त्यांनी पाचवा प्रकार खोडला, शीर्षकात 'चार' केलं आणि पुस्तिका छापायला सोडली.

पुढच्या आठवड्यात एक प्रूफ वाचताना शब्दांचे मधले भागच दिसेनात. बाईंनी 'अक्षरं गळाली' असा शेरा मारून पान परत पाठवलं. अक्षरं जुळवणारा जुळारी पान घेऊन आला.

"बाई, एकही अक्षर गळलेलं नाही."

बाईंनी वर पाहिलं. जुळाऱ्याचा अर्धा चेहराच गळाला होता आणि कडेने करवतीसारखी रेघ लखलखत होती. डोकं मात्र ठणठणीत. वीस मिनिटांत सगळं जागेवर आलं, पण बाईंच्या मनातून ते जाईना. डोळेच गेले तर प्रुफं कोण देणार? आणि प्रुफं नसलेल्या मास्तरीणबाई म्हणजे घरातली एक कटकटी म्हातारी, एवढं त्यांनाही कळत होतं.

दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं. संध्याकाळी बाई सुनेच्या दाराशी घुटमळल्या.

"अगं, आमच्या एका मैत्रिणीला रेघा दिसतात. डोकं नाही दुखत."

"डोळे मिटले तरी दिसतात का त्यांना?"

"दिसतात ना!" बाई झटकन म्हणाल्या, आणि जीभ चावली.

सून हसली नाही. तिने पलंगावर सरकून जागा केली. "आई, हेही मायग्रेनच असू शकतं. पण या वयात पहिल्यांदाच आलंय, तेव्हा डॉक्टरांना दाखवायलाच हवं. उद्या मी येते बरोबर." बाईंना एकदम रडूच आलं.

डॉक्टरांनी सगळं तपासून घेतलं आणि डोळे शाबूत असल्याचं सांगितलं. मग बाईंच्या हातात आपल्या दवाखान्याची पुस्तिका ठेवली. "तुमचा पाचवा प्रकार. यात वाचा."

सुनेने दोनदा पानं उलटली. "यात चारच आहेत."

"चार? छापखान्यातल्या कुणा दीडशहाण्याचं काम!"

सुनेने सासूकडे पाहिलं. बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं.

"अशा किती आहेत?"

"दोन हजार."

"घरी पाठवा."

रविवारी तीनशे प्रतींवर पाचवा प्रकार हाताने लिहून झाला आणि बाईंनी कपाळ दाबून धरलं. डोकं आता खरोखरच ठणकत होतं.

सून उठली आणि तिने पडदे ओढले.

"कितवा प्रकार, आई?"