पेटीवरचे डबे

साबणाच्या कारखान्यात नेटवर्क सांभाळणाऱ्या बाईला कोणी काही निवडायला सांगत नाही. मला सांगितलं, आणि मला हर्षवायू व्हायचाच काय तो बाकी राहिला.

निवडायची होती एक पेटी. मशिनशेजारी बसून कमी वजनाची वडी तिथल्या तिथे बाजूला काढणारा छोटा संगणक. आतापर्यंत हे काम दूरचा सर्व्हर करायचा, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. त्याचा निरोप येईस्तोवर वडी खोक्यात जाऊन बसलेली असायची.

मशिन बनवणाऱ्या कंपनीचा विक्रेता म्हणाला, "आमचीच पेटी घ्या मॅडम. बाहेरची मशिनला मानवत नाही."

मी नेमकी बाहेरचीच निवडली. बिनपंख्याची, अंगावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, आमच्या नव्याजुन्या सगळ्या यंत्रांशी जमवून घेणारी. खरं सांगते, मी तिच्या प्रेमातच पडले होते.

साहेब म्हणाले, "एका लाइनवर त्यांची लाव, दुसरीवर तुझी. आठवडाभर बघू. तुझी हरली तर तू परत स्टोअरमध्ये."

स्टोअरमध्ये मी कित्येक वर्षं नट-बोल्ट मोजले होते. तरी हो म्हणून बसले.

पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी माझी पेटी बंद. लाइन ठप्प. दुसऱ्या दिवशीही तेच. मी वायरी बदलल्या, प्रोग्रॅम पुन्हा टाकला, विक्रेत्याचं गोड हसू गिळलं. तिसऱ्या दिवशी सकाळपासून लाइनवरच ठाण मांडलं. तर काय, मशिन चालवणाऱ्या आक्का आल्या, पेटीवर सगळ्यांचे जेवणाचे डबे रचले आणि वरून जाडजूड टॉवेल पांघरला.

"आक्का, हे काय?"

"अगं, किती छान गरम असते ही! त्या दुसऱ्या लाइनवरच्या पंखेवालीवर ठेवून बघितले, ती मेली गारच."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मला इतकं हसू फुटलं की भिंत धरावी लागली. पट्ट्यांमधून बाहेर पडायची ती उष्णता आक्कांनी पांघरुणात गुंडाळली होती, आणि पेटी तापून बंद पडत होती. डबे ठेवू नका म्हटलं असतं तर विषय संपला असता, पण आक्कांचा खुललेला चेहरा बघून जीभच रेटेना. वेल्डरदादांकडून एक जाळी करून घेतली आणि पेटीच्या वर वीतभर अंतरावर बसवली. वारा खेळता राहिला, डबे गरम राहिले आणि पेटी पुन्हा थांबली नाही.

शेवटच्या दिवशी साहेब आले, मागे विक्रेता. त्याच्या डोळ्यांदेखत त्याची पेटी बंद पडली. पंख्यात साबणाची पूड जाऊन तो जाम झाला होता.

"आमची पूड तुमच्या पेटीला मानवत नाही वाटतं," मी म्हणाले. राहवलंच नाही.

साहेब माझ्या पेटीकडे वळले आणि त्यांच्या भुवया चढल्या. "मशिनवर डबे? कोणाचे आहेत हे?"

आक्का छताकडे बघायला लागल्या. मला स्टोअरचं दार दिसायला लागलं. तरी धीर करून सगळं सांगून टाकलं: डबे, टॉवेल, बंद पडणं, जाळी.

"आणि हा निळ्या रुमालातला?"

"तो तुमचाच की," आक्का पुटपुटल्या. "शिपाई रोज आणून देतो."

साहेबांचे कान लाल झाले. "अरे देवा! आणि मी आठवडाभर घरी जाऊन बायकोचं कौतुक करतोय, डबा काय गरम राहतो म्हणून!"

कोणीतरी फिसकन हसलं. बहुधा मीच.

"सगळ्या लाइनींवर हीच पेटी घे," ते म्हणाले. दारापर्यंत गेले आणि वळले. "जाळीसकट. आणि माझ्या घरी कोणी काही बोलायचं नाही."