दोन पत्त्यांवरची रूथ

आमच्या ऑफिसात ज्याच्या हातून काही बिघडलं, त्याने केक आणायचा. चुकल्याचा केक. कुणी कुणावर ओरडायचं नाही. शुक्रवारी सकाळी केक टेबलावर ठेवायचा, काय चुकलं ते सगळ्यांसमोर सांगायचं आणि सुरी दुसऱ्याच्या हातात द्यायची. लिस्बेटवर ही पाळी कित्येक वर्षांत आली नव्हती. पाले तिला म्हणायचा, "एकदा तरी चूक गं बाई. तुझा केक न खाताच मी निवृत्त व्हायचो."

आर्हुस शहराच्या बंदरापाशी आमची छोटी कंपनी आहे. कानात घालायच्या यंत्राच्या आतला प्रोग्राम आम्ही लिहितो. यंत्र आपल्या माणसाचा आवाज ओळखतं आणि गलबल्यातून तेवढाच अलगद उचलून कानाशी आणून ठेवतं. ज्याला कमी ऐकू येतं त्याला शांततेचा त्रास नसतो, भरल्या घराचा असतो.

यंत्र इवलं, त्याची मेमरीही इवली. म्हणून तिच्यात एक सफाईवाला फिरत असतो. नको ते टाकून देतो, हवं ते जागा करायला इकडून तिकडे हलवतो. काम चालू असतानाच हलवतो, थांबा म्हणत नाही. हलवलं की जुन्या जागी नवा पत्ता ठेवून जातो. त्यामुळे काहीही वाचायचं तर आधी विचारावं लागतं, बाई, तू अजून इथेच आहेस की गेलीस? ही विचारणा म्हणजे रीड बॅरियर. आम्ही तिला चौकी म्हणतो. चौकी क्षणभराचीच, पण क्षणाक्षणाला. तिच्यापायी बॅटरी दुपारीच मान टाकायची आणि रात्रीच्या जेवणाला लोक नुसते ओठ बघत बसायचे.

कुठली चौकी उठवली तर चालेल हे शोधायचं काम लिस्बेटने अंगावर घेतलं. जेवणाच्या टेबलावर ती एकेक आमच्यापुढे मांडायची.

"मेमरीत आत्ता या क्षणी जन्मलेली वस्तू," राय-ब्रेडवर हेरिंग मासा मांडत ती म्हणाली. "सफाईवाला चालू फेरीत नव्यांना हात लावत नाही. तिथे चौकी कशाला?"

"कबूल," पाले म्हणाला.

"जागा रिकामी आहे की भरलेली एवढंच बघायचं असेल तर? जे नाहीच, ते हलणार कसं?"

"तेही कबूल. मीठ दे."

"आणि एकदा कोरलं की बदलत नाही असं काही. जुन्या प्रतीवर वाचा नाहीतर नव्या, अक्षर तेच."

"जन्मतारखेसारखं," मी म्हणालो.

"तसंच. मी ओडेन्सेत राहत होते तेव्हाची जन्मतारीख आणि आर्हुसला आल्यावरची, एकच."

"सांगताना मात्र बदलते," पाले म्हणाला.

चौक्या उठत गेल्या, बॅटरी रात्रीपर्यंत पुरायला लागली. पहिल्या यंत्रांतलं एक लिस्बेटने आपल्या वडिलांना, एव्हाल्डला दिलं. एव्हाल्डचं सारं आयुष्य फेरीबोटीच्या इंजिनखोलीत गेलं, कान तिथेच राहिले. पहिल्या आठवड्यात त्याचा ऑफिसात फोन आला. रूथ भांडी घासताना गुणगुणते हे आपल्याला माहीतच नव्हतं, म्हणाला. रूथ म्हणजे त्याची बायको, लिस्बेटची आई.

पुढे वसंतात त्याचा वाढदिवस आला. मला दरवर्षी बोलावणं असतं. लांब टेबल, मधोमध रीतीप्रमाणे वाढदिवसाचा लहान झेंडा, शेजारीपाजारी, गाणी. एव्हाल्ड हसत बसला होता, पण ते हसणं कुणाच्याच बोलण्याला लागून येत नव्हतं. कानात यंत्र नव्हतं. लिस्बेटने त्याला बशा पुसायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात बोलावलं. मी पेले घेऊन तिथेच उभा होतो.

तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं. "बाबा, यंत्र कुठंय?"

"ड्रॉवरमध्ये."

"टोचतं का?"

"नाही गं. दोष यंत्राचा नाही." त्याने एक बशी पुसली, ठेवली, पुन्हा उचलून पुसली. "तुझी आई बोलत असते आणि मधेच लांब जाते. ओठ हलतात, पण आवाज कुणा परक्या बाईचा असावा तसा मागे पडतो. मग परत येते. माझ्या भावाचं असंच सुरू झालं होतं, तुला आठवत नसेल. आधी घरातले आवाज परके झाले. मग चेहरे."

"आणि म्हणून तू यंत्र काढून ठेवलंस?"

"ते नसलं की सगळेच सारखे लांब असतात. एकटी तीच जात नाही." मग दाराकडे बघून म्हणाला, "आईला बोलू नकोस. डॉक्टरची वेळ घेतलीय मी."

लिस्बेट पुन्हा त्याच्या कानाशी झुकली. तिने विचारलं, "कधी होतं असं? दोघंच असताना?"

"दोघंच असताना कधीच नाही. घर भरलेलं असलं, सगळे एकदम बोलायला लागले, बशा वाजायला लागल्या, की."

तिच्या हातातलं फडकं थांबलं. मला कळायला जरा वेळ लागला. आवाज वाढले की मेमरी भरते. मेमरी भरली की सफाईवाला निघतो. आणि सफाईवाला निघाला की वस्तू हलतात.

यंत्राला सारखं एकच ठरवायचं असतं. आत्ता ऐकू आली ती बाई आणि मेमरीत जपून ठेवलेली ती, दोघी एकच का? ते चेहरा बघत नाही, पत्ते जुळवून बघतं. एका हाती जुना पत्ता राहिला, दुसऱ्या हाती नवा आला. रूथ तीच, घर तेवढं हललं. यंत्र म्हणालं, ही ती नव्हे, आणि तिला परक्यांच्या घोळक्यात ढकललं. आत डोकावायचं नाही, नुसतं जुळवायचं आहे, तिथे कशाला विचारा, असं म्हणून लिस्बेटने ती चौकीही उठवली होती.

"बाबा, तू काही विसरलेला नाहीस," ती म्हणाली. "चूक माझी आहे. जिथे विचारायचं होतं तिथे मी विचारलं नाही."

"मला बरं वाटावं म्हणून सांगतेस."

"तुला बरं वाटावं म्हणून मी आजवर कधी काही बोललेय?"

एव्हाल्डने विचार केला. "नाही. ते खरंय."

सोमवारी पाले म्हणाला, सगळ्या चौक्या परत बसव, उगाच धोका नको. लिस्बेटने नकारार्थी मान हलवली.

"पत्ते सारखे निघाले तर माणूस एकच. दोन्ही जुने असोत नाहीतर दोन्ही नवे. तिथे विचारायचं काही उरतच नाही. वेगळे निघाले तरच थांबायचं, नवा पत्ता विचारायचा आणि पुन्हा जुळवून बघायचं."

"म्हणजे 'हो' म्हटलं की विश्वास आणि 'नाही' म्हटलं की चौकशी," पाले म्हणाला. "माझ्या बायकोचं उलटं आहे."

बॅटरी थोडी उतरली, तरी रात्रीचं जेवण निभावून नेत होती. शुक्रवारी लिस्बेटने केक आणला. काय चुकलं ते उभी राहून सांगितलं, बापाने घेतलेल्या डॉक्टरच्या वेळेसकट. सुरी पालेच्या हातात दिली. त्याने केक कापला, एक घास खाल्ला आणि त्यावर कॉफीचा मोठा घोट घेतला.

"इतकी वर्षं वाट बघितली," म्हणाला. "आणि कोरडा निघाला."

दुसरा केक रविवारी एव्हाल्डच्या घरी गेला. लिस्बेटने मुद्दाम शेजारी बोलावले होते, जमतील तेवढे. मला म्हणाली, "तू तुझ्या बोटीची ती कंटाळवाणी गोष्ट सांग. मोठ्याने." मी सांगितली. सगळे मला गप्प करायला एकदम बोलायला लागले. लिस्बेट उठली आणि बशा एकीवर एक ठेवायला लागली, चमचे त्यांत टाकत, जितका खणखणाट करता येईल तितका. तिचे डोळे बापावर होते. त्याच्या कानात दुरुस्त झालेलं यंत्र होतं. तो टेबलाशी बसून खिडकीतून खाडीकडे बघत होता, रूथकडे पाठ करून. हातातली सिगार त्याने पेटवली नव्हती.

रूथला यातलं काही माहीत नव्हतं. ती पलीकडच्या टोकाला कॉफी ओतत होती. ओतणं न थांबवता, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "एव्हाल्ड, बाही क्रीममध्ये चाललीय तुझी."

त्याने वळून पाहिलं नाही. फक्त हात उचलला.

लिस्बेटने बशा खाली ठेवल्या.

"आणि तू," रूथ तिला म्हणाली, "चांगल्या बशा आहेत त्या. आपटतेस कशाला?"

एव्हाल्ड खिडकीकडेच बघत म्हणाला, "आपटू दे."