जावईबापूंच्या चार तोफा

वीस वर्षं आमच्या बोटीनं मुकाट्यानं सिमेंट वाहिलं. मी तिच्यावरचा आचारी. मग लढाई लागली, बोटीला करडा रंग फासला आणि सांगितलं, आजपासून ही युद्धनौका. घ्या!

कडक इस्त्रीचे एक साहेब आले. कागदावर तोफा सहा, आल्या दोनच. साहेबांनी बोटीवरच्या सुताराला फर्मावलं, "उरलेल्या चार लाकडाच्या कर." वर जागा हवी म्हणून जीव वाचवायच्या चार होड्यांतल्या दोन उतरवल्या. काय ती अक्कल!

सुतार म्हणजे माझा जावई. लग्नात त्यानं आमच्या घरी एक कपाट करून दिलं होतं. त्याचं दार आपोआप उघडतं. सात वर्षं मी त्यावरून त्याला टोमणे मारत होतो. निघताना लेक म्हणाली, "बाबा, ह्यांना पोहता येत नाही. नीट परत आणा." मी शब्द दिला.

बंदरात सगळे सांगत होते, एकदोन तोफांचीच बोट दिसली की शत्रू माणसांना होड्यांत उतरू देतो, मगच बुडवतो. जास्त तोफा दिसल्या की विचारपूस बंद. मी तडक जावयाकडे गेलो. तो लाकूड घासत बसला होता.

"जावईबापू, एवढं गुळगुळीत कशाला? वाकड्यातिकड्या करा. लांबूनच ओंडके दिसू देत."

"मामा, मुद्दाम वाईट काम करू?"

"कपाटाच्या वेळी जमलं होतं की!"

त्यानं पुन्हा लाकूड घासायला घेतलं. पुढचे आठ दिवस त्यानं मान वर केली नाही. अशा तोफा केल्या म्हणून सांगू, खिळ्यांची डोकीसुद्धा एकेक कोरून काढली. मी बघायला गेलो तेव्हा तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणालो, "रंग जरा जास्त झालाय."

साहेब तर खूश! लाकडी तोफांना रोज रात्री ताडपत्री, आणि खऱ्या दोन उघड्यावर गंजत होत्या.

बंदर सोडल्यावर अकराव्या दिवशी, दुपारची जेवणं उरकत होती. पाणबुडीनं काही न विचारता बोट फोडली. पहिल्या होडीत साहेब. दुसरी भरली. जावयाचा हात मी घट्ट धरला होता. लाटेनं तो सोडवला.

मला शत्रूनंच वर काढलं. त्यांचा कप्तान मोडकंतोडकं बोलायचा. "सहा तोफा होत्या. एकही का उडवली नाही?"

"चार लाकडी होत्या."

"थापा मारू नकोस! दुर्बिणीतून मी खिळे पाहिलेत."

लढाई संपल्यावर मी एकटाच घरी आलो. लेकीला सगळं सांगितलं. म्हणालो, "शत्रूलासुद्धा खोट काढता आली नाही बघ, असं काम."

ती कपाटाचं दार हातानं लोटून धरून उभी होती. म्हणाली, "त्यांना सांगितलं होतंत हे?"

"नाही गं," मी म्हणालो. "रंग जास्त झालाय म्हणालो."