मिठागरावर गुडघाभर बर्फ

बार्बा येर्कोंनी मीठ ओढायच्या लाकडी फावड्याचा दांडा बांधावरच्या बर्फात रोवला, बाहेर काढला, आणि ओल्या खुणेवर अंगठा ठेवून तो आपल्या पायाला लावून पाहिला. खूण घोट्याच्या जरा वर आली.

"गुडघा नाही," ते म्हणाले.

बांधावर अर्धं गाव जमलं होतं. पाग बेटावरच्या आमच्या गावानं एवढा बर्फ कधी पाहिला नव्हता. खाडीपलीकडचा वेलेबित डोंगर हिवाळाभर पांढरा असतो, पण ते पांढरेपण त्याचं त्याच्यापाशी. बर्फ खाली उतरू लागला की त्याला समुद्राची ऊब लागते आणि किनाऱ्याला पोचेपर्यंत त्याचा पाऊस होतो. वादळं दरवर्षी येतात, कौलं नेतात, होड्या उलटवतात. बर्फ आणलाच तर नाताळच्या गुलगुल्यांवर पिठीसाखर भुरभुरावी एवढाच. म्हणून तर आमच्याकडे जी गोष्ट कधीच होणार नाही, तिला 'मिठागरावर गुडघाभर बर्फ पडेल तेव्हा' असं म्हणतात.

आणि बार्बा येर्को, सगळ्या गावाचे काका, नेमकं हेच बोलून बसले होते.

उपवासकाळातल्या शुक्रवारी आमच्या चर्चमध्ये मरियामाउलीचा विलाप गातात. एक कडवं पुरुषानं, एक बाईनं. पुरुष म्हणजे येर्को, मिठागरावरचे कामगार. बाई म्हणजे त्यांची धाकटी बहीण पेरिना. ती दोघं गात तेव्हा मेणबत्त्यासुद्धा ऐकत असाव्यात असं मला वाटे. पण येर्कोंचा आवाज मोठा, आणि मोठ्या आवाजाला वर चढायची खोड असतेच. एका गुड फ्रायडेला त्यांनी पट्टी इतकी वर नेली की पेरिनाला तिथं पोचता येईना. ती थांबली आणि भर चर्चमध्ये म्हणाली, "खाली घे रे. आईचं दुःख आहे ते, मासळीची हाळी नाही."

लोक हसले. फादर ल्यूकासुद्धा हसले. येर्कोंनी बाहेर येऊन दारातल्या क्रुसावर हात ठेवला आणि मिठागरावर गुडघाभर बर्फ पडेल तेव्हाच मी हिचा उंबरा ओलांडीन, असं सांगून टाकलं.

तेव्हा त्यांचे केस काळे होते. पुढं ते एकटेच गायले आणि पेरिना मागच्या बाकावर ओठ मिटून बसली. घरं एकाच गल्लीत. येर्कोंच्या खिडकीत दर उन्हाळ्यात सुकी अंजिरं सापडत आणि तिच्या पायरीवर मेंढीच्या दुधाचं चीज. कोण ठेवतं, ते आपल्याला ठाऊक नाही असं दोघंही सांगत.

आता पेरिनाच्या छातीत पाणी झालं होतं. वाऱ्यानं पूल बंद, बोट बंद. गावच्या नर्सनं सुई दिली होती, आणि आदल्या संध्याकाळी फादरांनी शेवटच्या प्रार्थनेचं पवित्र तेल लावलं होतं. म्हणून सकाळी बर्फ पाहताच सगळ्यांना एकच आठवलं. देवानंच पाठवला, असं बायका म्हणू लागल्या. आणि हे गृहस्थ घोटा मोजत होते.

"घोटा काय नि गुडघा काय, बार्बा," पेरिनाची शेजारीण उर्सा म्हणाली. "डोळे दाराकडं लावून पडलीय ती."

"मला काय जायचं नाही होय?" येर्को म्हणाले. "पण मी घोटा नव्हतो म्हणालो."

आमचे फादर निम्मं प्रवचन गाऊनच सांगतात. त्या दिवशी मात्र ते अगदी हळू बोलले. शपथेतून तुम्हाला मोकळं करायचा अधिकार मला आहे, म्हणाले. येर्कोंनी टोपी काढली.

"तुम्ही कराल हो मोकळं, फादर. पण मी तेव्हा तुमच्याकडं बघून नव्हतो बोललो."

जुन्या सोबत्यांनी सुचवलं की मिठासारखा बर्फ ओढून ढीग घालू, त्यात उभे राहा. येर्कोंना ते क्षणभर पटल्यासारखं वाटलं. मग त्यांनी मान हलवली. पडेल म्हटलं होतं. रचू म्हटलं नव्हतं.

दुपारी वारा फिरला. दक्षिणेकडून ओला वास आला आणि येर्कोंच्या हातावर एक थेंब पडला. त्यांनी वर पाहिलं. पाऊस. बांधावरचा बर्फ कडेनं करडा होऊ लागला होता. हट्टी माणसाचा चेहरा भ्याल्यावर किती लहान दिसतो, ते मी तेव्हा पाहिलं.

त्यांनी फावडं उचललं आणि गल्ली साफ करत ते वर निघाले. आम्हीही मागून कामाला लागलो. बर्फ काढायचं अवजार गावात कुणाकडं असणार? भट्टीवाल्यानं पाव काढायची लांब दांड्याची फळी आणली, उर्सानं चुलीची सुपली. पेरिनाच्या दाराशी वाऱ्यानं मिठागरावरचाच बर्फ आणून लोटला होता. भट्टीवाला तोही ओढायला गेला, तर येर्को म्हणाले, "एवढा राहू दे."

त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं. मग भिंतीलाच धरून आधी एक पाय मुडपला, मग दुसरा. उंबऱ्यापुढं ते गुडघ्यांवर बसले आणि खाली पाहू लागले. विजार भिजत चालली होती.

"बुडाले," ते म्हणाले. "दोन्ही गुडघे बुडाले, फादर."

फादरांनी क्रुसाची खूण केली. उर्सानं दार उघडलं. आत खाट दिसत होती. पण येर्को उठले नाहीत. त्यांनी तिथूनच विलापाचं पहिलं कडवं धरलं. आवाज फाटला होता, तरी सवयीनं वर गेला.

खाटेवरून, श्वास मोजत, उत्तर आलं.

"खाली घे रे."

येर्कोंनी खाली घेतलं. कडवं पुरं झाल्यावर पुढचं पेरिनानं म्हटलं की नुसते ओठ हलवले, यावर गावात अजून वाद आहे. मग त्यांनी भिंतीला धरून उठत उंबरा ओलांडला आणि उर्सानं दार लोटून घेतलं.

संध्याकाळपर्यंत बांध पुन्हा काळे झाले. पेरिना राखेच्या बुधवारापर्यंत, उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापर्यंतही, राहिली नाही.

त्या वर्षीच्या गुड फ्रायडेला येर्को गायला उभे राहिले. पहिलं कडवं त्यांनी इतकं खालून घेतलं की मागच्या बाकांना कान द्यावे लागले. मग ते थांबले, तिचं कडवं व्हायला लागायचा तेवढा वेळ. आणि पुढचं कडवं त्यांनी त्याच पट्टीत धरलं.