अप्पांनी गच्चीचं पार्सल केलं

मी एक दोर. नायलॉनचा, निळा, अंगठ्याएवढा जाड. दोर म्हटलं की लोकांच्या मनात नको नको ते येतं, म्हणून आधीच सांगून टाकतो: माझं आयुष्य सुखात गेलंय.

जन्म कारखान्यातला. ढीगभर धागे एकत्र पिळले आणि मी झालो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं म्हणतात, ते आमच्या चुलत घराण्याबद्दल. पण खरा पीळ कसा असतो ते मला अप्पांच्या घरी आल्यावर कळलं.

अप्पा म्हणजे माझे मालक. माल वाहतुकीच्या कचेरीत त्यांचा सगळा जन्म पार्सलं बांधण्यात गेला. निवृत्त झाले त्याच आठवड्यात त्यांनी मला दुकानातून मापून आणलं, कारण बांधायला काही नसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. घरातली रद्दी, गाद्या, जुनी सायकल, सगळं त्यांनी बांधलं. गाठ अशी मारायचे की सोडवणारा रडकुंडीला यायचा.

घरात त्यांचा मुलगा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना "तोंड उघडा" म्हणतो, पण वडिलांसमोर स्वतःचं उघडायची त्याची छाती नाही. सूनबाई मोठ्या दवाखान्यात अपघात विभागात नर्स. तिचं बोलणं कमी आणि काम चोख. शिवाय एक नात, तिच्याबद्दल मी बोलत नाही. ती मला घेऊन दोरीवरच्या उड्या मारते.

तर त्या रविवारी तळ्याकाठी सहल ठरली होती. अप्पांचा कचेरीतला जोडीदार दूरच्या गावी राहायला गेला होता, तो तिकडून थेट तळ्यावर येणार होता. दोघांची कित्येक वर्षांत भेट नव्हती. अप्पा आठवडाभर त्याच्याच गोष्टी सांगत होते. सकाळी त्यांनी गाडीच्या टपावर सतरंज्या, डबे, खुर्च्या चढवल्या आणि माझ्याकडून आवळून घेतल्या. मीही खुशीत होतो.

तेवढ्यात सूनबाई मोबाइल घेऊन बाहेर आली.

"अप्पा, हवामान खात्याचा इशारा आलाय. दुपारनंतर वादळी वारा. झाडांखाली, पत्र्याखाली थांबू नका म्हणतायत."

अप्पांनी वर पाहिलं. "आभाळ बघ की! धुतल्यासारखं स्वच्छ आहे. त्या खात्याचं काय, ऊन म्हणाले की छत्री घ्यावी."

"नेहमी चुकत असतील. आज बरोबर निघाले तर? मागच्या वादळातले लोक आले होते आमच्याकडे. सगळे म्हणत होते, आभाळ स्वच्छ होतं म्हणून निघालो. आपण जायचं नाही, अप्पा."

डॉक्टरसाहेब एकदम गाडीच्या चाकातली हवा तपासू लागले. सूनबाईनं सासऱ्यांना नाही म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. पण तिचे पाय जागेवरून हलले नाहीत.

"मग सोडा गाठी तुम्हीच!" म्हणून अप्पा पायरीवर जाऊन फुगून बसले.

डॉक्टरांनी कात्री आणली. माझा तर जीव टांगणीला लागला! पण सूनबाई म्हणाली, "कापू नका, दुपारी लागेल." चमच्याचं टोक घालून एकेक गाठ तिनं सैल केली. तिचे उपकार मी विसरणार नाही.

मग तिनं अप्पांना म्हटलं, "तुमच्या मित्रांना फोन करा. तेही निघायला नकोत."

"तो हसेल मला. वाऱ्याला घाबरला म्हणेल." अप्पा जागचे हलेनात. तेव्हा तिनंच नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. अप्पांनी दोन-चार वाक्यं पुटपुटून फोन ठेवला.

त्यानंतर घर कामाला लागलं. पाणी भरलं, टॉर्च काढले, मोबाइल चार्जिंगला लावले, गाडी झाडापासून लांब नेली. गच्ची अप्पांनी मागून घेतली. तासाभरानं सूनबाई वर गेली आणि बघतच राहिली. टेबल, खुर्च्या, कपड्यांचा स्टँड, रिकाम्या कुंड्या, सगळ्यांचा मिळून एक गठ्ठा. उभ्या-आडव्या दोराचा, कोपरे चेपलेला, पत्ता लिहायचाच काय तो बाकी होता.

"झकास बांधलंय, अप्पा. पण हे कशाला बांधलंय?"

"एकमेकांना!"

"आणि गच्चीला?"

अप्पांनी गठ्ठ्याकडे पाहिलं, कठड्याकडे पाहिलं, आणि त्यांना हसू फुटलं. "म्हणजे वाऱ्याला मी घरपोच सेवाच दिली की!"

मग दोघांनी मिळून हलकं सामान खाली नेलं आणि जड टेबल कठड्यातल्या लोखंडी कड्यांना बांधलं. दोन्ही टोकांना पक्कं काहीतरी असण्याचं सुख मला त्या दिवशी समजलं.

वारा आला तो घोंघावतच. मी कड्यांना धरून होतो, अंगाला रग लागली, पण सुटलो नाही. खाली सगळ्यांनी सतरंजीवर बसून सहलीचे डबे संपवले. नातीनं पाटाची होडी केली होती.

दुसऱ्या दिवशी कळलं की तळ्याकाठच्या बसायच्या जागेवर भलंमोठं झाड पडलं, पत्र्याच्या शेडचा चेंदामेंदा झाला. रविवार असून तिथं कुणी नव्हतं. अप्पांचा मित्र सगळीकडे वेळेच्या खूप आधी जाऊन बसायचा, आणि बसायचा तो सावलीत.

पुढच्या महिन्यात मित्र घरीच आला. दोघं म्हातारे गळ्यात पडले. जेवताना तो म्हणाला, "बरं झालं बाबा तू फोन केलास. तुझ्यामुळे वाचलो."

अप्पांनी हातातला घास खाली ठेवला.

"मी नाही केला. मी तर रुसून बसलो होतो. हिनं लावला आणि माझ्या हातात कोंबला." मग सूनबाईकडे न बघताच म्हणाले, "सूनबाई, तूही बस आमच्याबरोबर. वाढायचं काय, आमचं आम्ही घेऊ."

ती बसली. डॉक्टरसाहेब उठून वाढू लागले.

आता माझा रंग उडालाय, एका टोकाला धागे सुटलेत. तक्रार नाही. तुमच्याही घरात माळ्यावर माझा एखादा भाऊबंद पडला असेल. इशारा आला की आभाळाशी वाद घालत बसू नका, त्याला वेळेवर खाली काढा. आणि जो यायला निघालाय, त्याला आधी फोन करा. गाठी मारायला आम्ही आहोतच.