नुसती साखर

आमच्याकडे डाळ शिजायला लागली की वरदला गॅलरीत नेऊन बसवायचं, नाहीतर हात पुढे करायचा. दूध, दही, डाळ, अंडं, जे खाऊन लोकांची पोरं गुटगुटीत होतात, तेच माझ्या नातवाच्या अंगात विष व्हायचं. यकृतातच खोट, तीही जन्मजात, आईबापाकडून आलेली म्हणे. मेलं नशीब आमचं! साबुदाण्यावर, फळांवर पोर सहा वर्षांचं झालं.

मग दिल्लीचे डॉक्टर म्हणाले, आईच्या यकृताचा तुकडा याला बसवू, म्हणजे सगळं खाईल. सुनीता, माझी सून, लगेच तयार. मी म्हटलं, "अगं, तुझं काही बरंवाईट झालं तर?" तर फणकारली, "मग तुम्ही आहात ना त्याला सांभाळायला!" जीभ बघा!

निघताना मी दही-साखरेची वाटी घेऊन दारात उभी. मोठ्या कामाला निघालेल्याच्या हातावर ती ठेवायची, हे आमच्यात चुकत नाही. सुनीता ओरडलीच, "आई, त्याला दही नको! थेंबभरसुद्धा नको." खरंच होतं तिचं. मी वरदच्या हातावर नुसती साखर ठेवली. ती चाटून तो म्हणाला, "आजी, परत आल्यावर दही देशील?"

"वाटीभर देईन रे राजा. सायीचं."

ऑपरेशन झालं. "वरदने डोळे उघडले," असा माझ्या लेकाचा, विनायकचा, शेजाऱ्यांकडे फोन आला. मी त्याच संध्याकाळी विरजण लावलं. मग रोजच लावायचे, आंबट झालं की कढी करायचे. पुढे त्याला ताप भरला. त्याच्या अंगाने तो तुकडा झिडकारला. वरद गेला.

ती दोघंच परत आली. सुनीता पोटावर हात दाबून जिना चढली. तिला बघून मला राहवेना. "मी शकुन अर्धाच केला गं," म्हणून रडले.

"शकुनाचं काही नाही, आई." ती भिंतीला टेकून बसली. "माझा तुकडा त्याच्याबरोबरच जळला. आणि आत राहिलेलं यकृत पुन्हा वाढतंय, आई. थोड्या दिवसांत पहिल्याएवढं होईल म्हणतात. मी काय करू त्याचं?"

विनायक खाली मान घालून म्हणाला, "तिला दूध-दही भरपूर द्यायला सांगितलंय. जखम भरायला."

दही लागलेलं होतंच, सायीचं. मी वाटीत काढलं आणि तिला भरवायला बसले. पहिला घास तिने तोंडात घेतला. तसाच धरून बसली, गिळलाच नाही.