बोंबलांची तार

आमचे हे बोटीवर बिनतारीचं काम करायचे. नोकरी संपवून पावसला, आमच्या गावी, परतल्यावर त्यांनी स्वतःच एक यंत्र जोडलं, दोन माडांमध्ये तांब्याची तार ताणली आणि आठवड्याभरात कोलंबोच्या कुणाशी तरी कट्कट् बोलायला लागले.

मग एका सकाळी त्यांची नजर वर गेली. तारेवर माझे ओले बोंबील, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने लटकलेले! "अगो, ही काय तुझी वाळवणाची दोरी?" असे ओरडले की कावळे उडाले. मीही फणकाऱ्याने सगळे ओरबाडून टोपलीत टाकले.

यंत्र मुकं झालं. ह्यांनी यंत्रातले दिवे बदलले, तारेची वेटोळी सोडून परत गुंडाळली, बॅटरीला शिव्या घातल्या. शेवटी मी भडकले, "बोंबील होते तेव्हा बरं बोलत होतं मेलं!"

हे थबकले. "म्हणजे यंत्र जुळवलं तेव्हाही होते? मग ते बोंबलांसकटच्या तारेला जुळलंय!"

"पहिल्या दिवसापासून! रोज ताजे टांगते मी."

टोपली घेऊन हे स्वतःच शिडीवर चढले. शेवटची जोडी टांगली, खाली येऊन बटण दाबलं, आणि कोलंबो हजर! आम्ही दोघं अंगणात वेड्यासारखे नाचलो.

कोलंबोवाल्याने विचारलं, तार कसली लावलीत? हे माझ्याकडे बघत राहिले.

"सांगा की," मी म्हटलं, "आणि ओले म्हणून सांगा. नाहीतर बिचारा सुके टांगून बसेल."